पाच शर्ट आणि एक मागणी

घड्याळजींनी महिनाभरात समोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे चार शर्ट नेले. चारही शर्ट काखेत उसवलेले. दोन दुकानांच्या मध्ये फक्त रस्ता. बाई शनिवारी दुकान बंद करून भावाच्या गावी कायमच्या राहायला जाणार होत्या.

गुरुवारी सकाळी पाचवा शर्ट पिशवीत घालताना मुलीनं त्यांना पकडलं.

"बाबा, बासष्टाव्या वर्षी लाइन मारताय?"

"लाइन पोरं मारतात, तासन्‌तास उभं राहून. माझे गुडघे कुठे तेवढे टिकतात?"

"मग याला म्हणायचं काय?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "प्रियाराधन."

मुलगी स्टुलावरून पडायचीच बाकी राहिली. "हा शब्द त्यांच्यासमोर काढलात, तर शनिवारपर्यंत थांबणार नाहीत त्या. आजच निघतील." मग हसू आवरून म्हणाली, "आईला जाऊन नऊ वर्षं झाली, बाबा. माझी ना नाही. पण जे काय ते सरळ बोला."

रस्त्यापलीकडच्या दुकानात बाईंनी शर्ट उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ताणून उसवलं की दोरा पिंजारतो, कापडही ओढलं जातं. इथे एकेक टाका सरळ कापलाय. पाचही शर्टांना तेच. ब्लेड चांगलं आहे तुमचं."

"घड्याळाच्या कामाचं आहे," घड्याळजी म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती.

"मला पहिल्याच शर्टाला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला? शर्ट तुमचे, ब्लेड तुमचं. शेजारीण म्हणते, घड्याळजी तुमच्या मागे लागलेत. मी म्हटलं, मागे लागले असते तर एव्हाना गाठलं नसतं का?"

"मुलगी याला लाइन मारणं म्हणते."

"आणि तुम्ही?"

मोठा शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"मी मागणी घालायला आलोय. शनिवारी जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

बाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"एवढंच बोलायचं होतं, तर चांगले पाच शर्ट का हो फाडलेत?"

"फाडले नाहीत. टाकेच कापले."

"हो, तेवढी अक्कल दाखवलीत." त्यांनी शर्ट मशीनवर पसरला. "सोमवारी न्या."

"सोमवारी?"

"सोमवारी. दुकान उघडं असेल."