दहावी विद्यार्थिनी

सांता ओलायाच्या कॉलेजात प्रवेशाच्या काउंटरवर मी बसते. आमचं कॉलेज दोन वर्षांचं, आणि ‘येईल त्याला घेतो’ अशी त्याची ख्याती. पण येणाऱ्याकडून आम्ही काय काय मागतो ते मलाच ठाऊक. शाळा पुरी केल्याचा दाखला, वर्षभर टेक्सासात राहिल्याचा पुरावा, वाचन-लेखनाची चाचणी, आणि वय बावीसच्या आत असेल तर मेंदूज्वराची लस.

शिवाय आमच्याकडे दुहेरीवाली पोरं येतात. नाव शाळेच्या पटावर, आणि सकाळी बसायचं कॉलेजच्या वर्गात. अभ्यास एकदाच करायचा, तो दोन्हीकडे धरला जातो. हुशार पोरं शाळा संपता संपता कॉलेजची पदवीही खिशात घालतात. लास कोमासच्या शाळेतून अशी पोरं पिवळ्या बसनं यायची आणि ती बस चालवायची डेल्फिना कांतू.

डेल्फिना माझ्या थोरल्याची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतो. साठीला टेकलेली, अंगानं आडवी, आवाज असा की मागच्या बाकावर कोणी च्युइंगम काढलं तर ते हातातच राहायचं. पोरांना वर्गात सोडलं की दुपारपर्यंत ती पार्किंगमध्ये बसची दारं उघडी टाकून बसायची. रेडिओवर गाणी, मांडीवर क्रोशाचं काम. मला अधूनमधून घरची पपनसं आणून द्यायची.

जानेवारीत नवं सत्र सुरू होत होतं. क्राउझे सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते भाषणकला शिकवतात. उंच, किडकिडीत, आणि स्वतः बोलताना इतके हळू की कान पुढे करावा लागतो.

“ओडिलिया, माझ्या सकाळच्या वर्गात नऊच आहेत,” ते म्हणाले. “दहा झाले नाहीत तर शुक्रवारी वर्ग रद्द.”

“सकाळी साडेसातला भाषण करायला कोण उठेल, सर?”

“ती नऊ पोरं उठतात की.”

ती नऊच्या नऊ दुहेरीवाली होती. त्यांतली यादिरा ओल्वेरा माझ्या नीट लक्षात होती, कारण पदवीला तिला एवढा एकच विषय कमी पडत होता. दुपारी दुसरा वर्ग होता, पण तोवर बस निघून जायची आणि यादिराच्या घरी गाडी नव्हती.

पुढचं मला डेल्फिनानं नंतर सांगितलं. यादिरा तोंड पाडून बसमध्ये चढली.

“काय गं, कोण मेलं?” डेल्फिनानं आरशात बघत विचारलं.

“माझा वर्ग मेला, मिस. एक माणूस कमी आहे. तुमच्या ओळखीत आहे का कोणी रिकामं?”

मागून एक पोरगा म्हणाला, “मिसच तर रिकाम्या असतात. रोज बाहेर बसून टेबलक्लॉथ विणतात.”

सगळी बस हसली. यादिरा मात्र हसली नाही. ती आरशात डेल्फिनाकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादिरा डेल्फिनाला दंडाला धरून माझ्यासमोर घेऊन आली. मागे बाकीची पलटण.

“कोमाद्रे,” डेल्फिना म्हणाली, “ही पोरं माझ्या डोक्यावर बसलीत. मला घेता येणार नाही असं तूच त्यांना सांग, म्हणजे मी सुटले.”

“का नाही येणार?”

“अगं, शाळा कुठे पुरी केलीय मी? दहावीतच सुटली. तुझ्यापासून काय लपलंय?”

“अठराच्या वरच्या माणसाकडे दाखला नसला तरी घेतात. खास मंजुरी लागते. आमचे प्रवेशाचे मोठे साहेब समोरासमोर बोलून ठरवतात.”

पोरांमध्ये कुजबुज झाली. डेल्फिनाचा चेहरा जरा पडला. तिनं दुसरी वाट धरली.

“मी इथलीच आहे हे कसं दाखवणार?”

“तू रोज सकाळी अर्ध्या जिल्ह्याची पोरं उचलतेस. वीजबिल आण, पुरे.”

“आणि ती लस? मला सुई चालत नाही.”

“ती बावीसच्या आतल्यांना. तू आहेस का बावीसच्या आत?”

“मनानं आहे,” ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिच्या उशिरा लक्षात आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांनी तिच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि सही दिली. राहिली चाचणी. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय वर्गात बसता येत नाही आणि शुक्रवार तर तोंडावर आलेला. दोन दिवस पार्किंगमधल्या त्या बसमध्ये रेडिओ बंद होता. मोकळ्या तासाला पोरं जाऊन तिला परिच्छेद वाचायला लावायची, वाक्यं दुरुस्त करायला लावायची. यादिरा तर अशी करवादायची की डेल्फिना म्हणाली, “एवढी तर मीही तुम्हाला कधी ओरडले नाही.”

“ओरडलात, मिस. रोज ओरडता.”

वाचनात ती आरामात निघाली, लेखनात काठावर. तिचा नवरा नेमेसिओ टायरचं दुकान चालवतो. ही बातमी ऐकून त्यानं हातातला जॅक खाली ठेवला आणि म्हणाला, “फीचं मी बघतो. पण घरी इंग्रजीत भांडायचं नाही.”

एवढं झाल्यावर शाळेच्या वाहतूक अधिकाऱ्यानं आडवा पाय घातला. नियम असा की पोरं येईपर्यंत बस चालकाच्या नजरेआड होता कामा नये. वर्ग होता दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. डेल्फिना किल्ली हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तेव्हा मात्र तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, हे मला दिसलं.

क्राउझे सर माझ्यामागेच उभे होते. ते पार्किंगच्या बाजूला गेले आणि तळमजल्यावरच्या एका खोलीचं दार उघडून बघू लागले. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या. पण खिडक्या मोठ्या, आणि समोरच पिवळी बस. पोरांनी दुपार होण्याआधी खुर्च्या बाहेर काढल्या, फरशी पुसली. शुक्रवारी मी यादीत दहावं नाव घातलं.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत. ज्या बाईचा आवाज चौकापलीकडे जातो तिला भाषणाची कसली भीती? पहिल्या भाषणाला मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. डेल्फिना पुढे गेली, वळली, नऊ तोंडांकडे बघितलं आणि तिची वाचाच बसली. ओठ हलले, आवाज निघेना. शेवटी ती म्हणाली, “माफ करा,” आणि जागेवर येऊन बसली.

तास संपल्यावर ती बसमध्ये जाऊन बसली. मी कॉफी घेऊन गेले.

“नाव काढून टाक, कोमाद्रे.”

“आता काढलं तरी वर्ग रद्द होत नाही. पण काढणार नाही मी.”

“अगं, सगळी माझ्याकडे बघत होती.”

“मग? रोज तीच पोरं असतात ना तुझ्या बसमध्ये?”

“रोज माझ्या पाठीमागे असतात,” ती म्हणाली. “एवढ्या वर्षांत मी कोणाशी तोंडाकडे बघून बोललेय? आरशात बघून ओरडायचं, एवढंच.”

यादिरा पायरीवर उभी राहून ऐकत होती. ती तशीच बाकीच्या पोरांकडे निघून गेली.

पुढच्या तासाला पोरांनी कुठून तरी एक लांबट आरसा आणून फळ्याला टेकवला. क्राउझे सरांना विचारलं. सरांनी हनुवटी चोळली. “लोकांकडे पाठ करून भाषण देऊ नये असं पुस्तकात कुठे लिहिलेलं मला आठवत नाही,” ते त्यांच्या हळू आवाजात म्हणाले.

डेल्फिना वर्गाकडे पाठ करून उभी राहिली. आरशात नऊ चेहरे. आणि आवाज सुटला. विषय होता पाच मिनिटांत टॉर्टियाचं पीठ कसं मळायचं. मधेच ती कडाडली, “रुबेन, तो फोन खिशात,” आणि पुन्हा पिठाकडे वळली. रुबेन नंतर शपथेवर सांगत होता की फोन त्यानं फक्त वेळ बघायला काढला होता.

त्यानंतर दर खेपेला यादिरा आरसा थोडा बाजूला सरकवायची. आधी अर्धा फळा, मग कोपरा, मग दाराजवळ. डेल्फिना त्याच्यामागे थोडी थोडी वळत गेली. एप्रिलच्या अखेरीला आरसा जिथून आला होता तिथे परत गेला आणि तिनं विचारलंही नाही.

शेवटचं भाषण मे महिन्यात, लोकांसमोर. घरची माणसं येतात. नेमेसिओ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता, नखांतलं काळं काही गेलं नव्हतं. साहेबही आले होते. भाषण कोणतं तरी म्हणणं पटवून देणारं हवं होतं. डेल्फिनानं विषय घेतला होता, ‘उशिरा येणाऱ्यासाठी बस थांबू नये.’

ती पुढे गेली. आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. एक मोठा श्वास.

“मी लहान होते तेव्हा आम्ही एप्रिलमध्ये मिशिगनला जायचो, चेरी तोडायला,” ती म्हणाली. “परत यायचो नोव्हेंबरात. तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असायचा. दर वर्षी मी धावत सुटायचे, आणि दर वर्षी बस पुढे. दहावीत धावायचं सोडलं. बसचा राग आला होता मला. मग मीच बस चालवायला लागले, आणि कळलं की थांबता येत नाही. एकासाठी थांबलं तर पुढच्या कोपऱ्यावर बारा जण उन्हात उभे राहतात.”

ती एक पाऊल पुढे आली.

“पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बस थांबत नाही, हे खरं. पण ती पुन्हा येते. उद्या, परवा, त्याच कोपऱ्यावर. सुटली म्हणून घरी जाऊन रडत बसू नका. सकाळी पुन्हा तिथेच उभे राहा. आणि रुबेन, तू जरा लवकर उभा राहा.”

हशा झाला, आणि तो टाळ्यांत कधी मिसळला ते कळलं नाही. नेमेसिओ उठून उभा राहिला, मग त्याला एकट्यालाच उभं राहिल्याची लाज वाटली, मग सगळेच उठले. क्राउझे सरांनी चष्मा काढून पुसला. यादिरा डेल्फिनाच्या गळ्यात पडली आणि दोघी एकदम बोलायला लागल्या, कोण काय म्हणतंय कोणालाच कळेना.

यादिराला कॉलेजची पदवी मिळाली ती शाळेच्या निरोपसमारंभाच्या दोन आठवडे आधी. त्या रविवारी टायरच्या दुकानामागे नेमेसिओनं रात्रभर खड्ड्यात शिजवलेलं बार्बाकोआचं मांस सगळ्यांना खाऊ घातलं. क्राउझे सरांनी हिरवी मिरची भाजी समजून चावली आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यांदा बोलले.

सोमवारी काउंटरवर डेल्फिना हजर. हातात पपनसं नव्हती, कारण हंगाम संपला होता.

“पुढच्या सत्राला सकाळी काय काय आहे?” तिनं विचारलं.

“इतिहास आहे. शरीरशास्त्र आहे. पियानो आहे.”

“पियानो? बोटं बघ माझी.”

“बघितली. दहाच लागतात.”

ती विचारात पडली. तिच्यामागे शाळेच्या गणवेशातले आणखी दोघे चालक उभे होते. टोप्या हातात घेऊन, एकमेकांना कोपरानं ढोसत. एकाला वेल्डिंगचं विचारायचं होतं. दुसरा म्हणाला, मी नुसता ह्याच्याबरोबर आलोय.

“दाखला आहे का?” मी त्याला विचारलं.

“नाही.”

“वय?”

“एक्कावन्न.”

“मग बसा खुर्चीवर,” मी म्हटलं. “लस लागत नाही.”