उभ्या छावण्यांचा भाव

गेम बनवणाऱ्या त्या तीन खोल्यांत तिला सगळे तराजू म्हणत. पडद्यावरच्या लढाईत कशाला किती लाकूड लागेल, हे ती ठरवायची आणि त्यावरून कुणाशीही भांडायची. तिचा लाडका नियम एकच. पहिली छावणी शंभर लाकडांत, दुसरी दीडशेत, तिसरी दोनशेत, आणि असंच पुढे. भाव चढत गेला की माणूस विचार करून बांधतो, नुसता छावण्यांचा ढीग लावत नाही, असं तिचं ठाम म्हणणं. यात आपलं काही चुकत असेल, ही शंका तिच्या वाऱ्यालाही उभी नव्हती.

खेळून पाहणाऱ्यांनी मात्र नियमाच्या नावानं बोटं मोडली होती. गेम सोमवारी बाहेर पडणार होता. कंपनी तिच्या थोरल्या भावाची, तेव्हा शेवटचा शब्द दादाचा.

"दुपारी तू आणि तुझी वहिनी खेळा," दादा म्हणाला. "ती जिंकली तर नियम गेला."

वहिनी कंपनीची सगळ्यात खमकी खेळाडू आणि त्या नियमाची हाडवैरी. "वन्सं, रडायचं नाही हं," म्हणत तिनं खुर्ची पुढे ओढली.

तराजूनं तिला धुऊन काढलं. वहिनीच्या सहाच्या सहा छावण्या जाळल्या, आणि विजयाच्या भरात स्वतःच्या नऊ करून बसली. वहिनीकडे दीडशे लाकूड उरलं होतं. ती नवी छावणी बांधायला गेली, तर पडद्यावर भाव आला चारशे.

"संपलं," वहिनीनं माउस सोडला. "जिंकलात."

"नियम राहिला," दादा म्हणाला.

तराजू मात्र त्या चारशेकडे बघत राहिली. वहिनीची जमिनीवर एकही छावणी नव्हती, म्हणजे भाव शंभर हवा होता. मग तिनं नियमाची ओळ उघडून पाहिली. तिनं उभ्या छावण्या मोजल्याच नव्हत्या. आजवर बांधलेल्या मोजल्या होत्या, जळलेल्यांसकट. ज्याचं सगळं गेलं, त्यालाच सगळ्यात महाग पडत होतं. लोक बोटं मोडत होते ते उगाच नाही.

गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. नियमही राहिला असता आणि तिचा तोराही. तिला मनापासून तसंच करावंसं वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"दादा, हा सामना धरू नकोस," ती म्हणाली. "माझी चूक आहे. नियमाची नाही, माझी." आणि तिनं काय झालं ते सांगितलं.

"सोमवार तोंडावर आलाय आणि हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता कळलं म्हणून आत्ता सांगतेय. पाच मिनिटं दे."

तिनं एक ओळ बदलली आणि खेळ तिथूनच, त्याच राखेवरून पुन्हा सुरू केला. "पैज तीच," ती म्हणाली. नऊ छावण्या पाठीशी होत्या, तिला कसली भीती.

वहिनीनं झाडीआड शंभरात एक छावणी बांधली. उरलेल्या पन्नासात एक घोडेस्वार काढला. त्यानं तराजूचे लाकूडतोडे एकेक करून टिपले, आणि तिचं सैन्य तिकडे भलत्याच कोपऱ्यात शत्रू शोधत फिरत राहिलं. लाकूडतोड्यांकडून लुटलेल्या लाकडात वहिनीची दुसरी छावणी दीडशेत झाली. तराजूला दहावी साडेपाचशेला पडत होती आणि हाताशी लाकूड नव्हतं. अर्ध्या तासात तिचं मुख्य ठाणं पडलं.

तराजूचे कान तापले होते. दोन वर्षांचं काम होतं ते.

"ठरल्याप्रमाणे नियम गेला," म्हणत दादा कीबोर्डकडे वळला.

वहिनीनं त्याचं मनगट धरलं. "अहो, हात लावाल तर बघा. भाव शंभरावर आला म्हणून मी उभी राहिले. नाहीतर वन्संच्या नऊ छावण्यांपुढे काय लागणार होता माझा निभाव?"

"पण तू जिंकलीस ना? मग नियम..."

"मी जिंकले, मग माझंच ऐका." तिनं खुर्ची तराजूकडे फिरवली. "बसा वन्सं. या खेपेला नऊ मी घेते. राखेवरून तुम्ही उठून दाखवा."

तराजूनं बाह्या सारल्या.