घोंगडीवर ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, काळी घोंगडी आहे. अंगाला टोचते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. माणदेशातल्या मेंढरांच्या लोकरीची मी. सुलाबाईने टकळीवर माझं सूत काढलं, सणगराने मला विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून अशी कडक केली, की पाऊससुद्धा माझ्यावरून ओघळून जायचा. सुलाबाईचा मुलगा भाऊसो वकील होऊन सांगलीला निघाला, तेव्हा तिने मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

मेंढरं राखणाऱ्या आमच्या माणसांत माझा मोठा मान. भांडण असो की सोयरीक, आधी घोंगडी अंथरायची, सगळ्यांनी तिच्यावर बसायचं आणि मग तोंड उघडायचं. घोंगडीवर बसून दिलेला शब्द कुणी फिरवत नाही. भाऊसोला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सांगलीच्या त्याच्या खोलीत टेबल होतं, खुर्ची होती. पण एखादा म्हातारा पक्षकार दारात घुटमळला, की भाऊसो काळा कोट खुंटीला अडकवून माझ्यावर मांडी घालायचा. मग म्हातारा बसायचा आणि कोर्टात जे जन्मात बोलला नसता, ते सगळं बोलून मोकळा व्हायचा. काय सांगू, ते दिवस लय सुखाचे होते!

त्याचा मामा हरिबा. मामाच्या वाडीचं गायरान, म्हणजे मेंढरं चारायचं सगळ्या गावाचं रान, एका दांडग्या माणसाने बळकावलं होतं. भाऊसो साताऱ्याच्या कोर्टात जिद्दीने लढला आणि रान सोडवलं. निकाल लागला तेव्हा वाडीने मला लिंबाखाली अंथरलं. माझ्यावर बसून भाऊसो म्हणाला, "मामा, मी हाय तवर ह्या रानाला कुनी हात लावनार न्हाई."

पुढे त्याने सरकारी परीक्षा दिली. वकिलीत एका वेळी एकाच वाडीचं भलं होतं, अधिकार हाती आला तर अख्ख्या तालुक्याचं करता येईल, असं तो म्हणायचा. मनात काही वावगं नव्हतं हो! शिराळा झालं, कोयनानगर झालं, पायरी पायरीने तो वर चढला आणि नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा साताऱ्यात मोठा साहेब झाला. बंगला आला, दारात गाडी आली. मी आधी दिवाणावर होते, मग कपाटात गेले. मला मेंढरांचा वास येतो म्हणून त्याची बायको विजयमाला नाक मुरडायला लागली, तेव्हा मी गाडीच्या डिकीत गेले. "आईची आहे, राहू दे," एवढंच भाऊसो म्हणाला. मला राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

मग तेच गायरान कुणा कारखान्याला द्यायचं घाटत असल्याची बातमी वाडीत पोचली. वाडीच्या हरकती ऐकायला आला कोण? आमचा भाऊसोच. वाडीला हायसं वाटलं. हरिबा लगबगीने गाडीपाशी आला.

"भाऊसो, सुलाबाईची घोंगडी हाय का रं?"

ड्रायव्हरने मला काढून दिलं. हरिबाने झटकून त्याच लिंबाखाली अंथरलं. म्हातारे माझ्या कडेकडेने बसले, मधली जागा त्यांनी भाऊसोसाठी सोडली. मला तर वाटलं, आता सगळं ठीक होणार.

शिपायाने सवयीप्रमाणे खुर्ची आणली आणि त्या मोकळ्या जागेत, माझ्यावरच ठेवली. भाऊसोने ते पाहिलं. क्षणभर थबकला. नुसतं हाताने खुर्ची बाजूला सारायची होती. पण भोवती कचेरीची माणसं उभी होती, आणि साहेब खुर्चीवर बसला. खुर्चीचा पाय माझ्या अंगात घुसला आणि टर्रकन भोक पडलं. गावच्या म्हणण्याचा सहानुभूतीने विचार करू, असं काहीबाही तो बराच वेळ बोलला. हरिबा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी उठला.

"सायेब, तुमी आता काय बी सांगा. घोंगडीवर तुमी बसलाच न्हाई."

भाच्याला तो पहिल्यांदाच सायेब म्हणाला होता.

रान गेलं. हुकमावर सही भाऊसोचीच होती. वरून फार दाब होता, असं तो घरी सांगायचा. पण सांगताना विजयमालाकडे बघत नसे.

पुढे एकदा डिकी आवरताना ते भोक त्याच्या नजरेस पडलं. त्यावरून तो कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. मग मला खांद्यावर टाकून एकटाच वाडीला गेला आणि हरिबाच्या दारात मला अंथरून माझ्यावर बसला. आईची घोंगडी सांधायची आहे, मूठभर काळी लोकर दे, म्हणाला. हरिबाने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. स्वतः मात्र माझ्यावर बसला नाही.

"लोकर कुठली सायेब? रान गेलं, तवाच मेंढरं इकली आमी."

भाऊसोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी घोंगडी असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, लोकर खाणारी कसर लागू देऊ नका. आणि तुम्ही मोठे साहेब व्हाल, जरूर व्हा. पण आपल्या माणसांनी घोंगडी अंथरली, तर खुर्ची बाजूला सारून खाली बसा. माझं भोक अजून तसंच आहे. भाऊसो बाजारातली लोकर आणू का म्हणून विचारतो आणि आणत नाही. त्यालाही ठाऊक आहे, हे भोक वाडीच्याच लोकरीने सांधायचं होतं.