चारशे एकोणिसाव्या वेळी

चारशे एकोणिसाव्या वेळी मॉनिटरची केबल काढून परत लावली आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णववर गोठला. काकांनी स्वतःच्या बोटाला लावलेला मोजणीचा चिमटा काढून टेबलावर ठेवला. आकडा सत्त्याण्णवच.

ऑफिसात सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. यूएसबीच्या ड्रायव्हरमधले, म्हणजे केबलमधून आकडे आणणाऱ्या प्रोग्रॅममधले, टायमर सांभाळणारा माणूस, दुसरे काय म्हणणार?

तीन महिन्यांपूर्वी एका इस्पितळात असाच मॉनिटर सत्त्याण्णव दाखवत राहिला आणि खाटेवरची बाई गेली. केबल सैल होती, काढून परत लावली, नंतर मी सतत बघत होते, असे नर्स कळवळून सांगत होती. आमचे यंत्र अडकत नाही, असे काकांच्या कंपनीने लिहून दिले. ते पत्र काकांनीच डोळ्यांखालून घातले होते. नर्सला घरी बसवले. तिचे बोलणे मात्र काकांच्या डोक्यातून जाईना.

आता आकडा डोळ्यांसमोर गोठल्यावर दोष लगेच सापडला. केबल निघाली की ड्रायव्हर टायमर रद्द करतो आणि त्याची मेमरीतली जागा पुसून टाकतो. पण टायमर त्याच क्षणी कामाला लागलेला असला, तर तो रद्द होऊनही चालतच राहतो आणि पुसलेल्या जागेत हात घालतो, आणि आकडा तिथेच अडकतो. त्याचे काम संपेपर्यंत थांबायला हवे होते. अकरा वर्षांपूर्वी ती ओळ लिहिणारे काकाच, आणि थांबायला विसरलेलेही तेच.

साहेबांनी दुरुस्ती पाहिली. नोंदीत ‘स्थैर्य वाढवले’ एवढेच लिहा म्हणाले, जुनी मढी उकरू नका. काकांनी निमूट तेवढेच लिहिले. स्वतःची शिसारी आली, तरी लिहिले.

संध्याकाळी ते नर्सच्या दारात उभे होते. सगळे सांगून झाल्यावर म्हणाले, “चूक माझी होती. तुम्ही बघत होता.”

ती रडली नाही. दाराची चौकट धरून म्हणाली, “हेच जरा आत येऊन बाबांना सांगता? तेव्हापासून माझ्या हातची औषधं घेत नाहीत ते.”

आतल्या खोलीत काकांनी पुन्हा सगळे सांगितले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि लेकीपुढे तळहात पसरला. तिने त्यावर गोळी ठेवली.

पाणी पिऊन म्हातारा काकांकडे वळला. “आणि ज्यांची बाई गेली, त्यांना सांगितलंत?”

“नाही,” काका म्हणाले.

नर्सने कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. तो तिला पाठ होता.