चुकलेले ठोके

पुष्पाला दिल्लीत बक्षीस मिळालं ते नेमकं कशाबद्दल, हे रतनबाईला कुणी धड सांगेना. टीव्हीवर खाली एक ओळ सरकली, "महिला शास्त्रज्ञांचा गौरव", त्यात लेकीचं नाव आलं आणि गेलं. डिंभ्यात घरोघरी बोभाटा झाला. तिच्या बापानं, धर्माजीनं, फोन लावला तर पुष्पा म्हणाली, "आबा, ताऱ्याचं काम हाय. आल्यावर सांगते." त्याला तेवढं पुरलं, तो मेंढरं घेऊन माळाला गेला. लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायला मागं राहिली रतनबाई.

गावानं ठेवलेल्या सत्काराच्या दिवशी सकाळीच शेजारची सरूबाई पदराआड काहीतरी घेऊन आली. तिच्या पप्पूची पत्रिका होती.

"पोराचं लगीन जमंना, रतने. पुष्पी आली की तेवढं बघाय सांग. गिरहाचंच शिकली न्हवं ती?"

"असंल बाई," रतनबाई म्हणाली. पण तिच्या मनानं घोळ घातला. एवढी वर्षं पुण्यात राहून पोरगी पत्रिकाच बघाय शिकली असंल, तर घोडेगावचे जोशीबुवा काय वाईट व्हते?

मारुतीच्या देवळापुढं मंडप पडला होता. फ्लेक्सवर पुष्पाचा हसरा फोटो, खाली "नवा तारा शोधणारी डिंभ्याची कन्या". एसटी नेहमीसारखी उशिरा आली आणि पुष्पा खांद्यावरच्या पिशवीसकट थेट स्टेजवरच गेली. सरपंच सुभाषरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि "आपल्या पुष्पानं आकाशात नवा तारा हुडकला" असं भाषणात दणक्यात सांगितलं. टाळ्या पडल्या. रतनबाईनंही वाजवल्या. चला, तारा हुडकलाय, म्हणजे कळण्यासारखं तरी आहे.

तेवढ्यात पुष्पानं माईक घेतला.

"तारा मी शोधला नाही. तो आधीपासूनच माहीत होता. त्याचं काहीतरी वेगळं चाललंय, एवढंच मी दाखवून दिलं. ते का चाललंय, ते अजून मलाही कळलेलं नाही. कुणालाच नाही."

मागनं कुणीतरी विचारलं, "मग बक्षीस कशाचं वं?" आणि हशा पिकला.

सरपंचांनी घाईघाईनं सावरून घेतलं, "आता मातोश्री दोन शब्द बोलतील!" बायकांनी रतनबाईला ढकलत पुढं नेलं. माईक तिच्या तोंडापाशी येताच कुईऽऽ करून ओरडला. ती दचकली.

"मला काय बी कळल्यालं न्हाई," ती म्हणाली. "पर पोरगी खोटं बोलत न्हाई."

पुन्हा टाळ्या. त्या कशासाठी, तेही तिला उमगलं नाही.

घरी जाताना सरूबाईनं वाट अडवून पत्रिका पुढं केलीच. पुष्पानं ती हातात घेतली आणि हळू आवाजात सांगितलं, "मावशे, हे माझं काम न्हाई गं." सरूबाईनं पत्रिका ओढून घेतली आणि रतनबाईकडं असं बघितलं, जणू रतनबाईनंच तिला फसवलं.

दिवेलागणीला धर्माजी मेंढरं वाड्यात कोंडत होता. रतनबाई चुलीपुढं बसली होती. लेक शेजारी येऊन टेकली तशी ती एकदम म्हणाली, "पुष्पे, लोकं हसली. तारा तूच काढला म्हनायचं व्हतंस. काय बिघडलं असतं?"

"न्हाई काढला गं आये, तर कसं म्हनू?" पुष्पा म्हणाली. "त्यो तारा कवाच मेलाय. मेला तरी गरागरा फिरतोय आन् फिरताना ठोके देतोय. आपल्या खोडदच्या आभाळातलं ऐकनाऱ्या मोठ्या तबकड्या हायत न्हवं, त्यांच्यात ते येत्यात. पर त्यो मधीच चार ठोके गाळायचा. आमचे साहेब म्हनले, बाजूच्या मोटारीचा न्हाईतर मोबाईलचा गोंगाट असंल, सोडून दे. मी सोडलं न्हाई."

"का?"

"गोंगाट वाटंना मला. मग येका येका मोटारीचा, मोबाईलचा आवाज बाजूला काढत बसले. सगळं काढलं, तरी गाळल्याले ठोके तसेच राह्यले. तवा साहेबांनी मानलं."

मेलेला तारा फिरतो कसा, हे रतनबाईच्या डोक्यात शिरेना. तो गप्प बसल्याचं बक्षीस दिल्लीत देतात, हे तर मुळीच नाही. ती भाकरी थापायची थांबली. पुष्पानं मोबाईल तिच्या कानाला लावला. "त्या ठोक्यांचा आवाज करून ठेवलाय. ऐक."

टक, टक, टक, टक. मग काहीच नाही. मग पुन्हा टक, टक.

"मधी कुटं गेला गं त्यो?"

"त्येच तर म्हाईत न्हाई, आये."

रतनबाईला आनंद झाला होता की भीती वाटत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि मोबाईल स्वतःच्या हातात घेतला.

"परत लाव," ती म्हणाली.