दहापर्यंत मोजणारा नवरा

हाडांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात गुडघ्यावरचा स्नायू भरला तर ऑपरेशन टळेल, नाहीतर सांधा बदलायचा. मला सुरीची भीती वाटते हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. "विचार करते" म्हटलं.

व्यायाम साधा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पायाने खाली दाबायची, दहा सेकंद तशीच धरायची, सोडायची. असं वीसदा, सकाळ-संध्याकाळ. मोजायचं काम आमच्या ह्यांनी आपणहून अंगावर घेतलं. हे शाळेत खेळाचे शिक्षक होते. अर्ध्या सेकंदावरून शर्यतीतल्या पोरांच्या आयांशी भांडलेले. एवढ्या काटेकोर माणसावर विश्वास नाही ठेवायचा, तर कोणावर?

मी साखर सोडली. खाली बसणं सोडलं. वजनकाट्यावरचा आकडा मला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तोही हेच वाचत. चार किलो उतरलं म्हणाले. मी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

तीन महिन्यांनी फिजिओबाईंनी माझ्या मांडीला टेप लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काकू, स्नायू होता तिथेच आहे. रोज करता ना?"

"ह्यांनाच विचारा."

"काका, घरी मोजता तसं मोजा बघू."

हे मोजू लागले. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"काका, तुमचे दहा पाच सेकंदांत झाले."

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. "हिचा चेहरा बघवत नाही हो."

"मैदानावर पोरं धावून धावून ओकायची, तेव्हा बघवायचं?" मी विचारलं.

"ती लोकांची पोरं होती."

मग बाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा स्वतः वाचला. दीड किलो खरं निघालं. उरलेलं अडीच किलो ह्यांचं प्रेम.

घरी येईपर्यंत मी एकच हिशोब मांडत होते. तेहतीस वर्षांत ह्या माणसाने कितीदा "आज आमटी फक्कड झालीय" म्हटलं असेल, ते आठवत बसले.

डॉक्टरांनी सहा आठवडे वाढवून दिले, शेवटचे. आता मोजायला असं माणूस हवं होतं, ज्याचा माझ्यावर काडीचा जीव नाही. लांब जावं लागलं नाही. थोरल्या नणंदबाई पुढच्याच गल्लीत राहतात आणि लग्नापासून त्यांनी माझी एकही चूक सोडलेली नाही.

त्या स्वतःचं घड्याळ घेऊन आल्या. हे दारात घुटमळत म्हणाले, "ताई, जरा सबुरीनं."

"तू बाहेर हो आधी."

मी गुंडाळी दाबून धरली. मांडी थरथरायला लागली.

"वन्सं, झाले ना दहा?"

"आठ झालेत. आणि मध्येच पाय ढिला सोडलास. हा धरायचा नाही."

मी दाराकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.