बर्फाच्या वरचा दगड

साहेबांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "मागचं गोदाम रिकामं करायचंय. वरून आदेश आलाय. तिथं खात्याच्या गाड्या उभ्या राहणार."

"आणि आतले कोअर?"

"ज्यांत तांबं-बिंबं सापडलं ते ठेवायचे. बाकीचे खडीला जाणार. सोमवारी ट्रक येतोय."

वहिनी भूगर्भ खात्यात संशोधक होती. तिचा दीर टेम्पोवाला. खात्याचं सामान पोचवायला यायचा आणि "वहिनी, वहिनी" करत सगळं ऑफिस डोक्यावर घ्यायचा. त्याचं ऐकून सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले, साहेबसुद्धा.

जमिनीत खोल भोक पाडताना नळीतून दगडाचा मनगटाएवढा जाड दांडा वर येतो, तो कोअर. त्याचे तुकडे जसे निघाले तसे, क्रमाने, लांब पेट्यांत मांडून ठेवतात. मागच्या भिंतीशी अशा एका भोकाच्या पेट्या होत्या. तांब्यासाठी खणलं होतं, तांबं काही निघालं नव्हतं. त्यामुळे त्या पेट्यांकडे वहिनीखेरीज कुणी ढुंकूनही बघत नसे.

तिचा मात्र जीव त्या पेट्यांत होता. साधारण त्रेसष्ट कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ सगळी गोठलेली होती. त्या बर्फाने ओढून आणलेले लहानमोठे गोटे या कोअरमधल्या करड्या दगडात रुतलेले दिसायचे. त्यावर एकदम फिकट गुलाबी दगड, म्हणजे बर्फ वितळून समुद्र तापला तेव्हा तळाशी साचलेला थर. आणि गुलाबीच्या वर काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड. बर्फाच्या खालच्या, म्हणजे त्याआधीच्या थरांत वहिनीला सूक्ष्म जीवांची गोल कवचं सापडली होती, सुईच्या टोकापेक्षाही लहान. ते जीव बर्फातून पार पडले का, हे त्या वरच्या काळ्या दगडालाच विचारायचं होतं आणि तो तिने अजून तपासला नव्हता.

"वर काही मिळायचं नाही," साहेब म्हणाले. "इतक्या बर्फात कोण टिकतंय? मेले असतील सगळे."

"सगळेच मेले असते तर तुम्ही-मी इथं कसे बसलो असतो, साहेब?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"मी पेट्या घरी नेते," वहिनी म्हणाली. "लेखी देते. खात्याच्याच राहतील."

"घरी? आणि ठेवणार कुठं, पलंगाखाली?"

"ते माझं मी बघते."

"शनिवारपर्यंत. त्यानंतर माझ्याकडे यायचं नाही."

घराला लागून एक गॅरेज होतं. त्यात दिराची जुनी मोटार गेली कित्येक वर्षं 'दुरुस्त होत' होती. वहिनीने त्याला चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझी गाडी उन्हात आणि तुमचे दगड सावलीत?" दीर म्हणाला.

"भाऊजी, गाडीवर ताडपत्री टाकू."

"त्यांच्यावर टाका की! ते काय सर्दीने मरणार आहेत?" असं म्हणाला खरा, पण चहा संपवून गाडी ढकलायला उठलाही तोच.

शनिवारी सकाळपासून दोघं पेट्या टेम्पोत चढवत होते. दुपारपर्यंत दोघांच्याही कंबरेचे काटे ढिले झाले. नेमकी गुलाबी आणि काळ्या दगडाची पेटी उचलताना दिराचा हात सटकला. पेटी फळीवरून घसरली, जमिनीवर उलटी आदळली आणि तुकडे चहूकडे घरंगळले.

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी... मी..."

क्रम गेला की दगडाची गोष्टच जाते, कोण आधी आणि कोण नंतर हेच कळत नाही. तिने हात आडवा करून त्याला थांबवलं.

"हलू नका. आधी कुठला तुकडा कुठं पडलाय त्याचे फोटो काढू. मग उचलू."

घरी तिने गॅरेजच्या फरशीवर चादर अंथरली. प्रत्येक तुकड्यावर लांबीच्या दिशेने लाल आणि पिवळी रेघ मारलेली होती. लाल उजवीकडे आली की वरचं टोक वर. तेवढ्या आधारावर ती एकेक तुकडा दुसऱ्याशी जुळवू लागली. मोडलेली कड कडेला बसली तर ठीक, नाहीतर बाजूला ठेवून पुढचा. ऑफिस सुटलं की ती थेट गॅरेजमध्ये जायची.

नवरा बोटीवर, समुद्रात. सासूबाई दोन दिवस दारातूनच बडबडल्या. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन आत आल्या.

"काय धरायचंय ते दे इकडे. नुसतं बघून माझीच मान आखडली."

"आई, हा घट्ट धरा. दाबू नका."

"मुलं वाढवली मी, दगड धरता येतो मला."

आठवड्याभरात पेटी लागली. गुलाबी आणि काळ्याच्या मध्ये बोटभर जागा मात्र राहिली. तिथला दगड पडताना भुगा झाला होता.

"तो भुगा भरा की तिथं," दीर म्हणाला. त्याला ती फट बघवत नव्हती.

"नाही. तो कुठला, ते आता सांगता येत नाही. जागा रिकामीच राहू दे."

मग प्रयोगशाळा. काळ्या दगडाच्या चकत्या कापायच्या, तीव्र आम्लात विरघळवायच्या, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पहिला नमुना कोरा, दुसराही. महिने गेले. साहेब जाता-येता विचारायचे, पुढं विचारायचेही बंद झाले. वहिनी पुढची चकती कापत राहिली.

एका दुपारी काचेवर एक गोल दिसला. जरा चेपलेला, तपकिरी, बर्फाखालच्या गोलांसारखाच. मग आणखी एक. आणि तिथून थोड्या वरच्या चकतीत काहीतरी निराळंच निघालं: चांगलं मोठं कवच, अंगभर बारीक काटे.

तिने कुणाला सांगितलं नाही. आधी त्याच तुकड्यांच्या बाहेरच्या कडा कापून टाकल्या, फक्त आतला गाभा घेतला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत नव्याने विरघळवून घेतला. तेच निघालं. तेव्हा कुठं ती साहेबांना प्रयोगशाळेत घेऊन आली.

साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काच जरा सरकवून पुन्हा बघितलं. "बाहेरची घाण नाही ना?"

"नाही. गाभ्यातून काढलंय, दोनदा."

"म्हणजे गोल आहेत ते तगले."

"हो. आणि काटेवाले नवे आले. बर्फ गेल्यावर लगेच आले की उशिरा, ते मला सांगता येत नाही. नेमका तिथलाच बोटभर दगड माझ्याकडे नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सगळे मेले म्हणालो होतो मी. चुकलो. काय हवंय तुम्हाला?"

"दुसरं भोक. एकावर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवणार नाही."

साहेबांनी फोन फिरवायला घेतले. संध्याकाळी उत्तरेकडच्या एका बंद पडलेल्या खाणीचा पत्ता लागला. तिथं याच वयाच्या दगडाचे कोअर होते, पण पेट्या उघड्यावर पडलेल्या आणि लेबलं उडालेली. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "बाई, उगाच हेलपाटा होईल तुमचा. काही लागायचं नाही त्यात."

"रेघा दिसतात का दगडांवर?" वहिनीने विचारलं.

"दिसतात थोड्या."

"मग उद्या सकाळी पोचते मी. कुणाला हात लावू देऊ नका."